पाच स्पीकरांची खोली

वागळे इस्टेटमधल्या एका स्पीकर बनवणाऱ्या कंपनीत डॉमनिक मिस्किटा सत्तावीस वर्षं टेस्टिंगच्या टेबलावर बसला. नवा स्पीकर त्याच्यासमोर आला की तो त्यातून खालपासून वरपर्यंत एक सूर फिरवायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. आतली कॉइल केसाएवढी जरी कुठे घासत असली तरी त्याचा हात वर जायचा, आणि तो स्पीकर बाजूला निघायचा. पुढे कंपनीनं तपासणीचं परदेशी मशीन आणलं, तेव्हा मॅनेजरनं गंमत म्हणून त्याला आणि मशीनला तेच पन्नास स्पीकर दिले. मशीननं चार नापास केले. डॉमनिकनं पाच. पाचवा उघडून बघितला तर आतला गोंद एका बाजूनं सुटत आलेला होता.

पुढे ती कंपनी गुजरातला गेली. डॉमनिक तेव्हा एक्कावन्न वर्षांचा होता. ठाणं सोडून जायची त्याची तयारी नव्हती. तलावपाळीजवळच्या चर्चमागच्या गल्लीत त्यांचं पिढ्यांचं घर. बायको अँजेला चर्चच्या शाळेत बालवर्गाला शिकवायची, मुलगी स्वीडल लग्न होऊन वसईला गेली होती. मग तो लोकांच्या घरी जाऊन स्पीकर दुरुस्त करायला, बसवून द्यायला लागला. एकानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, आणि असं करत करत एका शनिवारी त्याला डोंबिवलीहून गुरुदत्त सबनीसांचा फोन आला.

सबनीस एका मोठ्या केमिकल कंपनीतून चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले होते. डॉमनिकपेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठे. पत्नी वारलेली, मुलगी पुण्याला. एमआयडीसीच्या निवासी विभागात दुसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट होता. निवृत्तीनंतरही ते आसपासच्या लहान कंपन्यांची सुरक्षेची तपासणी करून द्यायचे, आणि उरलेला सगळा वेळ गाणी ऐकायचे. फ्लॅटमधली एक खोली त्यांनी त्यासाठीच ठेवली होती. समोर तीन स्पीकर, मागे दोन, कोपऱ्यात बेसची जाडजूड पेटी, आणि मधोमध एकच खुर्ची.

"मागून आवाज येतो, पण लंगडतोय," सबनीस म्हणाले. "काय होतंय ते मला सांगता येत नाही."

डॉमनिकनं अर्धा मिनिट ऐकलं. मागच्या उजव्या स्पीकरच्या वायरी उलट जोडलेल्या होत्या. त्या सुलट केल्या, खुर्ची हातभर पुढे घेतली, आणि मग तो सामान आवरायला लागला तेव्हा त्याचं लक्ष भिंतीवरच्या कपाटाकडे गेलं. तिथे परदेशातून मागवलेल्या डिस्क होत्या, सगळ्या सत्तरच्या दशकातल्या रॉक बँडच्या. त्यातल्या एका वेष्टनावरचं चित्र त्याच्या ओळखीचं होतं.

तो अल्बम त्याच्या मामेभावानं बोटीवरून येताना कॅसेटवर आणला होता. डॉमनिक तेव्हा सतरा वर्षांचा होता आणि चर्चच्या बँडमध्ये गिटार वाजवायचा. चौथ्या गाण्याच्या मध्यावर गिटारचा एक तुकडा होता, दीडएक मिनिटाचा. तेवढा त्याला काही केल्या वाजवता येईना. एक सूर वर चढत असतानाच दुसरा खाली यायचा, आणि दोन्ही धरायचे म्हटलं तर बोटं पुरायची नाहीत. गावातल्या लग्नांत तो बाकी सगळं वाजवायचा, तो तुकडा आला की नुसता ताल धरून पुढे सरकायचा. सहा-सात वर्षं घासून झाल्यावर त्यानं मनाशी कबूल केलं की हे आपल्या हातात नाही. कंपनीत लागला त्या वर्षी गिटार माळ्यावर गेली.

"ऐकायचाय?" सबनीसांनी विचारलं. "बसा. हा नव्यानं मिक्स केलेला आहे. मूळ टेपवर प्रत्येक वाद्य वेगळं असतं. त्या काळी ती सगळी दोन स्पीकरांत कोंबावी लागली. आता कुणीतरी जाणता माणूस त्या टेप पुन्हा उघडतो, एकेक वाद्य सुटं करतो आणि खोलीभर मांडतो. ऐकणारा मधोमध. ते वाजवतायत आणि आपण त्यांच्यात जाऊन बसलोय, असं."

डॉमनिक बसला. पहिल्या गाण्यात ड्रमवाल्याचं स्टूल करकरलं ते त्याला ऐकू आलं. दुसऱ्यात मागे कुणीतरी श्वास घेतला. चौथं गाणं मध्यावर आलं आणि समोरच्या डाव्या कोपऱ्यातून गिटार वर चढायला लागली. त्याच वेळी मागच्या उजव्या कोपऱ्यातून दुसरी गिटार खाली यायला लागली.

गाणं संपलं. सबनीसांनी चहा आणून ठेवला होता, तो निवला.

"साहेब, हे दोघं आहेत," तो शेवटी म्हणाला.

"कोण?"

"गिटारवाले. चाळीस वर्षं मी एकच समजत होतो. एकट्यानं वाजवायला बघत होतो."

सबनीसांना हसू आलं नाही, याचं डॉमनिकला बरं वाटलं. त्यांनी डिस्क मागे नेली आणि तेवढा तुकडा पुन्हा लावला.

त्यानंतर दर शनिवारी सकाळी तो डोंबिवलीला जायला लागला. साडेतीन वर्षं गेला. मागचे दोन्ही स्पीकर त्यानं स्वतः बनवून दिले, खुर्चीची जागा फरशीवर लाल टेप लावून पक्की केली. डावीकडच्या मोठ्या खिडकीतून ट्रकांची घरघर यायची, म्हणून तिला जाड दुहेरी काच बसवून घेतली. खिडकीतून समोर एका केमिकल कंपनीची मागची भिंत दिसायची, अडीचशे पावलांवर. वास मात्र काच लावूनही यायचा. सबनीस नुसत्या वासावरून आज कुठल्या कंपनीत काय शिजतंय ते सांगायचे. एक अल्बम सबनीस ऐकायचे, एक डॉमनिक, आणि न ऐकणारा मागच्या स्टुलावर बसायचा. मध्ये चहा. घरगुती बोलणं फार नव्हतं. एकदा नाताळात अँजेलाच्या हातचे फुगे, म्हणजे पिठाचे तळलेले गोड गोळे, डॉमनिकनं डब्यातून नेले, तेव्हा सबनीसांनी ते दोन दिवस पुरवून खाल्ले आणि फोन करून तिला तसं सांगितलं. एवढीच काय ती घसट, पण आठवड्यातले बाकीचे सहा दिवस त्या सकाळीकडे बघून जायचे.

मार्चमधल्या एका शनिवारी बारा वाजायला दहा मिनिटं असताना त्या समोरच्या कंपनीतला रिअॅक्टर, म्हणजे रसायन शिजवायची बंद टाकी, फुटला.

डॉमनिक खुर्चीत होता. सबनीस चहाचं बघायला स्वयंपाकघरात गेले होते. त्याला नंतर पुष्कळांनी विचारलं की आवाज केवढा होता. त्याला आवाज आठवतच नव्हता. गाणं चालू होतं, मग तो फरशीवर पडलेला होता आणि तोंडात काचेची रेती होती. खिडकी चौकटीसकट आत आली होती आणि त्याच्या डाव्या कानशिलावर आदळली होती. सबनीस दारात उभे राहून काहीतरी बोलत होते. त्यांचं तोंड हलताना दिसत होतं. त्यांच्या अंगावर साधा ओरखडाही नव्हता.

त्या स्फोटात नऊ माणसं गेली.

डॉमनिकच्या कानाजवळच्या हाडाला तडा गेला होता. अकराव्या दिवशी कानाच्या डॉक्टरांनी तपासणी करून अँजेलाला सांगितलं की डाव्या कानाची नस गेली, मशीन लावूनही उपयोग नाही. उजव्या कानाला थोडं कमी येईल, आणि त्यात शिट्टीसारखा आवाज राहील. तो जाईल की नाही ते सांगता येत नाही. अँजेलानं ते एका कागदावर लिहून डॉमनिकला दाखवलं. त्यानं कागद वाचला, घडी केला आणि उशीखाली ठेवला.

तो होता त्याच हॉस्पिटलात त्याची दक्षताशी गाठ पडली. डोंबिवलीजवळच्याच एका गावातली, पंचविशीतली मुलगी. तिचा नवरा साईनाथ त्या कंपनीत रिअॅक्टरवर ऑपरेटर होता. तीन दिवस त्याचा पत्ता नव्हता. चौथ्या दिवशी त्याच्या हातातल्या कड्यावरून ओळख पटली. त्यानंतरही ती कागदपत्रांसाठी यायची आणि वॉर्डबाहेरच्या बाकावर बसून राहायची. अँजेलानं तिला दोन-तीनदा डब्यातलं जेवण दिलं. एका दुपारी ती डॉमनिकच्या खाटेजवळ आली. तो उजवा कान तिच्याकडे करून बसला.

"काका, तुम्ही जवळच होता ना? आवाज कसा आलेला?"

"मला आवाज आलाच नाय," तो म्हणाला. "गाणं ऐकत होतो. मग खाली पडलेलो."

तिनं यावर विचार केला. "मग त्यालापण आला नसंल."

उभ्या आयुष्यात डॉमनिकनं आवाजाच्या बाबतीत न ऐकता काही ठोकून दिलं नव्हतं. जे ऐकलं तेच तो सांगायचा. त्या वेळी मात्र तो म्हणाला, "नसेल आला. नक्की नाय आला." ती मान हलवून गेली. जाताना तिनं अँजेलाचा फोन नंबर घेतला.

घरी आल्यावर पहिले दोन महिने डॉमनिक कुणाशी फारसा बोलला नाही. एका कानानं ऐकणाऱ्या माणसाला आवाज कुठून आला ते कळत नाही, हे त्याला शिकावं लागलं. अँजेलानं स्वयंपाकघरातून हाक मारली की तो दाराकडे जायचा. गल्लीत मागून स्कूटरचा हॉर्न वाजला की तो जागच्या जागी उभा राहायचा, कारण कुठल्या बाजूला सरायचं ते समजायचं नाही. फोन करणाऱ्या गिऱ्हाइकांना अँजेला सांगायची की ते आता काम करत नाहीत. एका संध्याकाळी तो तिला म्हणाला, "मना वाटतं, मी एका बाजूनं भिंतीला चिकटून बसलोय. कुठंपण गेलो तरी ती तशीच."

"भिंत नाय ती. मी हाय त्या बाजूला," अँजेला म्हणाली आणि तिनं त्याचा हात आपल्या हातात घेतला. तिनं शाळेतला मोठा आवाज घरातही काढायला सुरुवात केली होती. त्याला ते आवडायचं नाही.

जूनच्या शेवटी सबनीसांचा फोन आला. खोली दुरुस्त झाली होती, खिडकी नवी होती, समोरचे दोन स्पीकर बदलले होते. तुम्ही या, ते म्हणाले. अँजेला नको म्हणत होती. डॉमनिक गेला.

खोली तशीच होती. लाल टेप फरशीवर होती आणि खुर्ची तिच्यावर होती. सबनीसांनी न विचारता तोच अल्बम लावला. डॉमनिकनं डोळे मिटले. आवाज आला तो सगळा उजवीकडून, एका ढिगासारखा. समोर काय, मागे काय, काही सुटं होत नव्हतं, आणि त्या ढिगावर शिट्टी वाजत होती. चौथं गाणं मध्यावर आलं तेव्हा मागची गिटार खाली येताना त्याला ऐकू आली. समोरच्या डाव्या कोपऱ्यातली गिटार आलीच नाही.

समोरचा डावा स्पीकर बंद आहे, असं त्याला वाटलं. सवयीनं तो उठला, जवळ गेला आणि स्पीकरच्या कागदी पडद्यावर तळहात ठेवला. कागद थरथरत होता. गिटार त्याच्या हाताखाली वाजत होती.

तो तसाच वाकून उभा राहिला. थोड्या वेळानं थरथर थांबली. त्यानं मान वळवली तर सबनीसांच्या हातात रिमोट होता. ते मागचं स्टूल उचलून घेऊन आले, डॉमनिकच्या उजव्या बाजूला आणून ठेवलं आणि त्याच्या कानाजवळ बसले.

"मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय," ते म्हणाले. "त्या कंपनीची तपासणी जानेवारीत मी केली होती."

डॉमनिकचा हात अजून स्पीकरवर होता.

"रिअॅक्टरवर एक व्हॉल्व्ह असतो. आतला दाब वाढला की तो आपोआप उघडतो आणि वाफ बाहेर जाते. त्याची दर वर्षी चाचणी घ्यावी लागते. त्याच्यावरच्या पत्र्यावर जुनी तारीख होती. दोन वर्षांपूर्वीची. मी मॅनेजरला दाखवली. तो म्हणाला, एप्रिलमध्ये प्लँट बंद ठेवणार आहोत तेव्हा करून घेतो. मालकांशी माझी वीस वर्षांची ओळख. मी चाचणी झाली आहे असं लिहिलं आणि सही केली."

"आणि तो उघडला नाय."

"नाही. जाम झालेला असणार."

"हे कुणाला सांगितलंत?"

"तुम्हालाच."

डॉमनिकनं हात काढून घेतला आणि खुर्चीत बसला. सबनीस रडत होते, आवाज न करता. म्हणजे निदान त्याला तरी आवाज येत नव्हता. डॉमनिक म्हणाला, "साहेब, हे जाऊन सांगा. मला सांगून काय उपयोग?"

"सांगतो," सबनीस म्हणाले. "मला थोडे दिवस द्या."

घरी येऊन त्यानं अँजेलाला सगळं सांगितलं. तिनं हातातली सुरी खाली ठेवली. "आणि तू त्यांना सोडून आलास?"

"ते सांगणार हायेत."

"बघू," अँजेला म्हणाली.

जुलै गेला, ऑगस्ट गेला. डॉमनिकनं फोन केला नाही आणि सबनीसांचाही आला नाही. तो रोज पेपरात बघायचा. त्याला सबनीसांचा राग आला नव्हता, हे त्याचं त्यालाच चमत्कारिक वाटायचं. शनिवार उजाडला की तो अजूनही साडेआठला आंघोळ करून तयार व्हायचा आणि मग ओट्यावर बसून राहायचा. त्याच्या आयुष्यात त्याच्यासारखं ऐकणारा दुसरा माणूस तो एकच भेटला होता. आपण वाट बघितली तर तो बरोबर वागेल, असं डॉमनिक स्वतःला सांगत राहिला.

सप्टेंबरात दक्षताचा फोन आला. अँजेलानं घेतला आणि ऐकता ऐकता तिचा चेहरा बदलला. चौकशीचा अहवाल आला होता. साईनाथनं कामात हयगय केली, तापमान वाढत असताना लक्ष दिलं नाही, म्हणून स्फोट झाला, असं त्यात होतं. सुरक्षेची तपासणी वेळेवर झालेली होती आणि व्हॉल्व्ह ठीक असल्याचा दाखला कंपनीनं हजर केला होता. गावातली माणसं दक्षताच्या दारावरून जाताना बोलत नव्हती. गेलेल्यांपैकी तिघं त्याच गावचे होते.

दुसऱ्या दिवशी डॉमनिक डोंबिवलीला गेला. सबनीसांनी दार उघडलं. ते वाळले होते, दाढी वाढली होती. डॉमनिक आत गेला नाही.

"त्या पोरावर टाकलंय," तो म्हणाला. "मेलेल्या पोरावर. तुम्ही वाचलं ना?"

"अहवाल मी लिहिलेला नाही, डॉमनिक."

"तुमच्या कागदावर लिहिलाय तो."

सबनीस दाराची कडी धरून उभे होते. ते काहीतरी हळू म्हणाले. "मोठ्यानं बोला," डॉमनिक म्हणाला. "मला कमी येतं."

"मी म्हटलं, माझं वय एकोणसत्तर आहे. मी जेलमध्ये जाऊ का?"

डॉमनिक जिना उतरला, रिक्षा केली आणि पोलीस ठाण्यात गेला. तिथल्या अधिकाऱ्याला तो म्हणाला, "मला जबाब द्यायचाय. जरा उजवीकडून बोला."

पुढे जे झालं ते हळूहळू झालं. पोलिसांनी तपासणीचा कागद जप्त केला. स्फोटाच्या जागेवरून उचललेला व्हॉल्व्ह प्रयोगशाळेत गेला. आठ महिन्यांनी मालक, मॅनेजर आणि सबनीस, तिघांवर गुन्हा दाखल झाला. सबनीस बारा दिवस आत होते, मग जामिनावर सुटले. त्यांच्या मुलीनं एकदा डॉमनिकला फोन करून विचारलं की माझ्या बाबांनी तुमचं काय वाईट केलं होतं. तो नुसता "सॉरी, बेटा" म्हणाला, आणि मग आपण सॉरी का म्हणालो म्हणून दिवसभर स्वतःवर चिडला. फ्लॅट विकला गेला, सबनीस पुण्याला गेले. पाच स्पीकरांचं काय झालं ते त्याला कळलं नाही. मागचे दोन त्याच्या हातचे होते, त्यांची मात्र त्याला अधूनमधून आठवण यायची.

अल्बम तो पुन्हा ऐकायला लागला, पण वेगळ्या रीतीनं. दोन्ही बाजूंचे आवाज एकत्र करून एकाच स्पीकरला जोडून घेतले आणि तो स्पीकर उजव्या हाताला ठेवला. आता काही हरवत नव्हतं. सगळी वाद्यं त्या एका पेटीतून यायची, सतरा वर्षांचा असताना कॅसेटवर यायची तशी. चौथ्या गाण्यातल्या दोन्ही गिटारी पुन्हा एकात एक मिसळल्या होत्या. त्या दोन आहेत हे त्याला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं. दहा-पंधरा मिनिटांनी शिट्टी चढायची आणि तो बंद करायचा.

खटला उभा राहायला पाच वर्षं लागली. डॉमनिकची साक्ष कल्याणच्या कोर्टात झाली. तो तेव्हा चौसष्ट वर्षांचा होता. दक्षता मागच्या बाकावर बसली होती, शेजारी अँजेला. सबनीस आरोपींच्या जागी होते, काठी गुडघ्यांमध्ये धरून. सरकारी वकिलांनी विचारलं ते डॉमनिकनं सगळं सांगितलं. मग सबनीसांचे वकील उठले. तरुण होते, बोलायला मऊ होते. ते त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि काहीतरी विचारलं. डॉमनिकला काही कळलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मग ते समोर आले.

"मी दोनदा प्रश्न विचारला, मिस्किटा. ऐकू आला नाही?"

"नाय आला. तो कान गेलाय."

"आणि दुसऱ्या कानात सतत आवाज येतो, असं तुमच्या सर्टिफिकेटवर आहे."

"शिट्टीसारखा येतो."

"म्हणजे कुणी काही करत नसतानाही तुम्हाला आवाज ऐकू येतो."

डॉमनिकला प्रश्नाचा रोख समजला. "येतो," तो म्हणाला.

"आणि माझ्या अशिलानं एकदाच, हळू आवाजात, बंद खोलीत केलेलं बोलणं तुम्हाला शब्दन् शब्द ऐकू आलं. खोलीत गाणं लावलेलं असताना."

"गाणं बंद केलं होतं त्यांनी."

"बंद होतं हे तुम्हाला कसं कळलं? कानांनी?"

मागे कुणीतरी हसलं. डॉमनिकला ते ऐकू आलं, कुठून ते कळलं नाही. सत्तावीस वर्षं ज्याच्या कानावर माल पास-नापास झाला, तो माणूस साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहून आपल्याला ऐकू येतं हे पटवून देत होता.

"हातानं," तो म्हणाला. "माझा हात स्पीकरवर होता. स्पीकर थांबला. मग त्यांनी स्टूल उचललं आणि माझ्या उजव्या बाजूला आणून ठेवलं, मला ऐकू यावं म्हणून. त्यांनाच विचारा."

त्यानं सबनीसांकडे बघितलं. न्यायाधीशांनीही बघितलं. सबनीस काठीच्या मुठीकडे बघत होते. त्यांनी मान वर केली नाही. वकील म्हणाले, "एवढंच," आणि बसले.

बाहेर व्हरांड्यात गर्दी होती. दक्षता डॉमनिकच्या पाया पडायला वाकली, त्यानं तिला मध्येच धरलं. "निघंल का ओ काका?" तिनं विचारलं. साईनाथचं नाव त्या कागदावरून निघेल का, असं तिला म्हणायचं होतं. व्हॉल्व्हचा रिपोर्ट आहे, पुढच्या तारखेला तो येईल, असं त्यानं सांगितलं. नक्की निघेल असं या वेळी त्याच्या तोंडून गेलं नाही. ती गावच्या रिक्षाकडे गेली.

अँजेला आणि तो पायऱ्या उतरत असताना सबनीस मागून आले. ते डॉमनिकच्या डाव्या अंगाला होते. काठी टेकत दोन पायऱ्या ते त्याच्याबरोबर उतरले, काहीतरी बोलले आणि गाडीकडे वळले. डॉमनिकनं त्यांचा कोट तेवढा बघितला. अँजेलाचं तोंड घट्ट मिटलेलं होतं.

फाटकाबाहेर येईपर्यंत त्यानं विचारलं नाही.

"काय म्हणाले?"

"जाऊ दे."

"सांग गं."

ती फिरून त्याच्या उजव्या बाजूला आली. "त्या जागी दुसरा कोणी असता तर त्यानंपण सही केली असती, म्हणाले."

रस्त्यावर हॉर्न वाजत होते. डॉमनिक कडेला उभा राहिला, तिच्या दंडाला धरून, ती सांगेल तेव्हा पलीकडे जायचं म्हणून.

"हां, केली असती," तो म्हणाला. "पण सही यांची हाय."

अँजेलानं दोन्हीकडे बघितलं आणि त्याला घेऊन रस्त्यात उतरली.